सहाचे सात

विमानतळाच्या ऑफिसातून चिठ्ठी आली, दोन ओळींची.
बर्फ गेलं की धावपट्टीवरचा सहा पुसावा, सात काढावा.
पलीकडच्या टोकाला चोवीस आहेत, त्यांचे पंचवीस करावेत.
कारण : चुंबकीय उत्तर सरकली आहे.

सरकली.
बाकावर कुणी सरकून जागा देतं
तशी.

धावपट्टी जागची हललेली नाही, मी पाहून आले.
डांबर तेच, भेगा त्याच,
युकॉन दरवर्षी खाते तेवढाच काठ यंदाही खाल्लेला.
हललंय ते खाली,
दोन हजार नऊशे किलोमीटर खाली,
जिथे खडक संपतो
आणि लोखंड वाहू लागतं.

वाहतं म्हणजे खरंच वाहतं.
काकवीसारखं नव्हे, पाण्यासारखं पातळ,
निकेल मिसळलेलं, थोडं गंधक, थोडा ऑक्सिजन,
आणि आच अशी, की आच हा शब्दही तिथे पोचायच्या आत जळेल.
दिवसाला पन्नास-साठ मीटर जातं म्हणे.
माझं कुत्रं, रडर, स्वतःच्या शेपटीमागे
सकाळच्या चहाआधी तेवढं जातं.
पण रडर दमतो.

हे पाहिलं कुणी? मी विचारलं.
एस्थर डेमोस्की शाळेमागच्या खोपटात भूकंपमापक सांभाळते.
ती म्हणाली, पाहिलं नाही, वाट पाहिली.
भूकंपाच्या लाटा दोन जातींच्या :
एक ढकलत जाते, एक दोरी हलवावी तशी हलत.
ही दुसरी द्रवातून जात नाही.
पृथ्वीच्या पार पलीकडे माणसं कान लावून बसली,
पहिली आली, वाकून, उशिरा;
दुसरी आलीच नाही.
न आलेल्या पाहुण्यावरून
वाटेतल्या नदीला पाणी आहे हे ओळखावं,
तसं ओळखलं.

आणि त्या नदीच्याही पोटात एक घट्ट गोळा,
वर्षाला मिलिमीटरभर गोठणारा.
गोठताना जे हलकं ते तो घेत नाही,
ते वर उसळतं, उष्णता बरोबर घेऊन,
आणि फिरती पृथ्वी त्या उसळीला पीळ घालते.
पिळातून वीज, विजेतून चुंबक,
चुंबकातून पुन्हा वीज.
आधी कोण, हे एस्थरनेही सांगितलं नाही.

बाबा टपाल न्यायचे, डिझेल न्यायचे,
कधी बाळंतीण न्यायचे, छोट्या विमानातून.
काचेखाली चिकटपट्टीवर त्यांनी लिहिलं होतं : पूर्व सव्वीस.
खऱ्या उत्तरेपासून काटा इतके अंश ढळतो, तेवढे वजा करा.
आज तिथे पंधरा लिहावे लागतील.
काटा खोटं बोलत नाही, ते म्हणायचे,
तो फक्त कुणाचं तरी ऐकतो.

सहा खरवडला तर खालून पाच निघाला,
क्लेमेंटमामाच्या हातचा, जरा डावीकडे कललेला.
मी थांबले.
लाव्ह्याच्या थरांतही असंच असतं म्हणतात,
निवताना त्या त्या वेळची उत्तर खडकात अडकते,
आणि खूप खाली गेलं की काही थरांत
उत्तरेच्या जागी दक्षिण निघते.
शेवटचं उलटलं तेव्हा
होकायंत्र कुणाकडेच नव्हतं.
चुकलं असेल कोण?
पक्षी, कदाचित. एखादा मासा.

वरून क्रौंच गेले, ओरडत, नीट रांगेत.
त्यांच्याही वर, उन्हात न दिसणारा,
सूर्याचा वारा आपल्याला वळसा घालून चाललेला.
हिवाळ्यात तोच हिरवा दिसतो, तेव्हा आम्ही अंगणात उभे राहतो
आणि पायांखालच्या लोखंडाचं नाव कुणी काढत नाही.

सात सोपा. दोन रेघा.
अठरा मीटर लांबीचा, तरी दोनच रेघा.
रडर ओल्या रंगातून चालत गेला,
त्याची चार पावलं मी तशीच ठेवली,
वरून कुणाला दिसणार नाहीत.

संध्याकाळी रेडिओवर टपालवाला आला,
चोवी... म्हणाला, थांबला, पंचवीस,
पंचवीसवर उतरतोय.

उरलेला पांढरा रंग फेकला नाही.
झाकण हातोडीने ठोकून बसवलं
आणि खडूने वर लिहिलं :
आठ.